आरे-वारेचा कडा रंगवतेय, पण समुद्र भिंतीसारखा उभा दिसतो. काय करू?

माहुलीची (सातारा)

नमस्कार. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मग नोकरी आणि घर यात बरीच वर्षं ब्रश कपाटातच राहिले. आता पुन्हा ऑइल सुरू केलंय. यवतेश्वरचा घाट, कन्हेर धरणाचं पाणी, संगम माहुलीची देवळं ही चित्रं मनासारखी होतात. पण आईचं माहेर रत्नागिरीकडचं, आणि तिच्या खोलीत लावायला तिला आरे-वारेचा समुद्र हवा आहे.

कॅनव्हास २४ × ३६ इंच, आडवा. माझ्याकडे दोन फोटो आहेत. एक गणपतीपुळ्याला जाताना वरच्या रस्त्यावरून काढलेला. त्यात समुद्र लांबवर पसरलाय आणि किनाऱ्याची गोलाई सुंदर आली आहे. दुसरा खाली वाळूत उतरून काढलेला. त्यात कडा डोक्यावर चढलाय, पायथ्याला काळे खडक आणि त्यावर फुटणारं पाणी. मला चित्रात दोन्ही हवंय, म्हणून समुद्र पहिल्या फोटोतला घेतला आणि उजवीकडचा कडा दुसऱ्यातला.

आता झालंय असं की समुद्र पसरतच नाही, भिंतीसारखा उभा राहतो. कडा दगडाचा वाटत नाही, मऊ वाटतो. रंग मी यूट्यूबवरच्या एका परदेशी चित्रकाराचे बघून घेतले होते. फेसही नुसता पांढरा रंग थापल्याचा दिसतो.

आईला तिथला दगड न् दगड माहीत आहे. त्यामुळे ‘साधारण कोकण’ चालणार नाही, तीच जागा दिसायला हवी. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

रंगपेटी (मिरज)

ताई, आधी एक सोपी गोष्ट करा. चित्राचा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. शेजारी मूळ फोटो तसाच करून ठेवा. रंग बाजूला पडले की उजेड-अंधाराची चूक लगेच सापडते. बहुतेक वेळा कड्याची सावली पुरेशी गडद नसते आणि दूरचा समुद्र नको इतका गडद असतो.

मात्र फोटोवर पूर्ण विसंबू नका. आभाळ नीट यावं म्हणून मोबाईल कड्याची सावली काळी करून टाकतो, किंवा सावली उजळायला जातो तेव्हा फेसातले सगळे बारकावे पांढरे होऊन जातात. डोळ्यांना सावलीत भरपूर रंग दिसतात, ते फोटोत नसतात.

ड्रॉइंगमास्तर (वाई)

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फोटो दोन आहेत, म्हणजे बघणाऱ्याचे डोळे दोन वेगळ्या उंचीवर आहेत. एका चित्रात बघणारा माणूस एकाच ठिकाणी उभा असतो. तुमच्या चित्रातला समुद्र टेकडीवरून पाहिलेला आणि कडा वाळूतून पाहिलेला. डोळ्याला हे मान्य होत नाही, म्हणून समुद्र उभा राहतो. रंग कितीही सुधारलेत तरी तो आडवा होणार नाही.

क्षितिजाची रेघ नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. वाळूत उभं राहिलं तर क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असतं, पन्नास मीटर उंचीवरून सुमारे पंचवीस. पण चित्रकाराच्या दृष्टीने अंतरापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. तुम्ही पन्नास मीटरवर उभ्या असाल, तर समोरचा तेवढाच उंच कडा माथ्याने बरोबर क्षितिजाला टेकतो. त्याहून बुटका कडा क्षितिजाच्या खाली राहतो, आणि त्याचा माथा, त्यावरचं गवत तुम्हाला वरून दिसतं. वाळूतून पाहिलं तर हाच कडा क्षितिजाच्या कितीतरी वर जातो, माथ्याचा सपाट भाग दिसतच नाही, आणि समुद्राला चित्रात फक्त एक अरुंद पट्टी मिळते. म्हणजे उंच समुद्र आणि डोक्यावर चढणारा कडा हे दोन्ही एकत्र मिळत नाहीत. एक निवडावं लागतं.

आईंना ती जागा ओळखू यायला हवी असेल तर मी टेकडीवरचा डोळा निवडेन. आरे-वारेची ओळख त्या रस्त्यावरून दिसणाऱ्या किनाऱ्याच्या गोलाईतच आहे. कडा मग थोडा वरून, तिरका काढायचा. दुसरा फोटो फेकू नका, दगडाचा पोत आणि ओला भाग बघायला तो उपयोगी पडेल. आकार मात्र त्यातून घ्यायचा नाही.

पाणी सपाट बसवायला एक हिशेब सांगतो. मी मुलांना हा फळ्यावर करून दाखवत असे. तुमच्यापासून शंभर मीटरवरची लाट क्षितिजापासून आठ इंच खाली येत असेल, तर दोनशे मीटरवरची चार इंच खाली येते, चारशेवरची दोन, आठशेवरची एक. अंतर दुप्पट झालं की क्षितिजापासूनचं माप निम्मं. म्हणजे कॅनव्हासवरच्या क्षितिजाजवळच्या एका इंचात आठशे मीटरपासून पुढचा सगळा समुद्र मावतो. तिथे लाटा काढायच्याच नाहीत, फक्त बारीक आडव्या छटा. जवळ येताना पट्टे रुंद होत जातात आणि फेसाच्या जाळीतली भोकं मोठी होत जातात. दूरची भोकं चपटी, जवळची उघडी. एवढं सांभाळलं की पाणी आपोआप पसरतं.

क्षितिज काढताना मास्किंग टेप लावा. डावीकडे-उजवीकडे दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी समुद्र कलतो. टेप काढल्यावर मात्र ती कड कोरड्या ब्रशने हलकीशी मऊ करा, कारण कोकणातली हवा दमट असते. पाऊस संपल्यावर क्षितिज धारदार दिसतं, मे महिन्यात ते धुरकटात जवळजवळ विरून जातं. कोणता महिना रंगवताय ते आधी ठरवा. माथ्यावरचं गवतही त्यावरच अवलंबून आहे. सप्टेंबरात हिरवं, डिसेंबरात सोनेरी, एप्रिलमध्ये उघडा दगड.

आता कड्याबद्दल. यूट्यूबवरच्या त्या चित्रकाराचे रंग सोडून द्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचे किंवा फ्रान्समधल्या एत्रेताचे कडे चुनखडीचे आहेत, पांढरट. त्यांच्या सावलीत निळा-जांभळा सहज येतो, कारण दगड स्वतः रंगहीन आहे. आपला कडा वर जांभा आणि खाली काळा पाषाण. आणि हा दगड तुमच्या दारात आहे! पाचगणीच्या टेबललँडची कड जांभ्याची, कासचा सडा जांभ्याचा, आणि अजिंक्यताऱ्याचा कातळ काळा. समुद्र बघायला घाट उतरावा लागतो, कडा शिकायला सातारा जिल्हा सोडायची गरज नाही. टेबललँडच्या कडेखाली संध्याकाळी चारच्या सुमारास जाऊन बसा. रंग नेऊ नका, नुसता चारकोल न्या. दगडाचा वरचा भाग, समोरचा भाग, बाजूचा भाग असे तीनच टोन ठेवा. भेगा नंतर. मऊ दिसण्याचं कारण बहुतेक हेच असतं की आपण भेगा आधी काढतो आणि त्यांच्यामागे ठोकळाच नसतो. ठोकळा बसला की चार भेगा पुरतात.

रंगाचं म्हणाल तर उन्हातल्या जांभ्याला लाइट रेड, यलो ऑकर आणि थोडा व्हाइट. सावलीतल्या जांभ्याला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, त्यात किंचित अलिझरिन क्रिमसन. जुना, पावसाने काळवंडलेला जांभा रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनने होतो. ट्यूबमधला काळा वापरू नका, सावली मरते. पायथ्याचा पाषाण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. भरतीच्या रेषेपर्यंतचा खडक ओला, म्हणून जास्त गडद आणि त्याच्या सपाट अंगावर आभाळाचा रंग. त्या रेषेच्या वर तोच दगड कोरडा, फिका. हा ओला-कोरडा पट्टा काढल्याशिवाय कडा समुद्राकाठचा वाटणार नाही, तो टेबललँडच राहील.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. सकाळी ऊन कड्याच्या पाठीमागून येतं. कड्याचा चेहरा पूर्ण सावलीत, त्यावर आभाळाचा निळा उजेड आणि खालून फेसाचा परतलेला उजेड. दुपारी तीननंतर ऊन थेट चेहऱ्यावर येतं आणि जांभा पेटतो. तुमचा वरचा फोटो सकाळचा आणि खालचा संध्याकाळचा असेल, तर चित्रात दोन सूर्य होतील. तेवढं तपासा.

शक्य असेल तर एकदा जाऊन बसा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८८० च्या दशकात एत्रेताचे कडे रंगवले तेव्हा तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास जवळ ठेवायचा. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. १८८५ साली तिथेच खाली बसून काम करताना भरतीच्या लाटेने त्याला गाठलं आणि त्याचं सामान वाहून गेलं. म्हणून तिथी बघून जा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त मागेपुढे होतं, म्हणून छापील वेळापत्रकही बघा. त्रयोदशी-चतुर्दशीला भरती दहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी चारनंतर ओहोटी. तेव्हा ऊन कड्यावर असतं आणि पायथ्याचे खडक उघडे असतात. पंचमी-षष्ठीला त्याच उन्हात खडक पाण्याखाली आणि लाटा थेट कड्यावर. दोन्ही चित्रं वेगळी आहेत. आईंना विचारा त्यांच्या डोळ्यासमोर कोणतं येतं.

पाटणचा (कराड)

मास्तरांचं सगळं पटलं. भूगर्भशास्त्र शिकलोय म्हणून दगडाबद्दल थोडी भर घालतो.

जांभा आणि काळा पाषाण यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी एक तिसरा थर असतो. मूळ काळा पाषाण कुजून तयार झालेली मऊ माती, पांढरट, पिवळट, कधी गुलाबी. कड्याच्या माथ्यावरचं जांभ्याचं कवच कडक, आणि ही माती मऊ. त्यामुळे पाऊस आणि पाझर मधला थर आधी खातो, वरचं कवच पुढे लोंबत राहतं आणि एक दिवस त्याचे ठोकळे तुटून खाली पडतात. म्हणून माथ्याच्या कडेखाली एक गडद सावलीची रेघ असते आणि तिच्याखाली अचानक फिका पट्टा. ताईंनी त्यांच्या फोटोत हा पट्टा आहे का ते बघावं. असेल तर तो सोडू नका, कडा सगळा एकरंगी होण्यापासून तोच वाचवतो.

पायथ्याच्या दगडांचे आकारही दोन प्रकारचे असतात. पडलेले जांभ्याचे ठोकळे कोनदार, भोकाभोकांचे. पाषाण मात्र पापुद्रे सुटत झिजतो, त्याचे धोंडे गोलसर होतात. सगळे दगड एकाच ब्रशच्या फटक्याने काढले की लगेच खोटे दिसतात. जांभ्याला पॅलेट नाइफ चांगली चालते. रंग ओढताना मध्ये मध्ये तुटतो, तीच त्याची भोकं. गोल धोंड्यांना ब्रशच बरा.

एका बाबतीत मात्र मास्तरांपेक्षा वेगळं वाटतं. टेबललँडवर सराव करा, पण तिथला जांभा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभा नाही. किनाऱ्यावरचा दगड जास्त कुरतडलेला, कडा जास्त तुटक. जमलं तर कुंभार्ली घाटातून उतरून गुहागरकडे हेदवीला जा. तिथे बामणघळ म्हणून खडकात अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी त्यात घुसलं की वर उसळतं. पाणी दगडाला कसं झिजवतं ते तिथे बघितल्यावर कड्याच्या पायथ्याच्या कपारी कशा काढायच्या हे वेगळं शिकावं लागत नाही. लांब उभं राहून बघा, खडक निसरडे असतात.

ड्रॉइंगमास्तर (वाई)

फिक्या पट्ट्याचं अगदी खरं. पाटणकरांनी चांगली आठवण केली. ताई, तो पट्टा यलो ऑकर, भरपूर व्हाइट आणि लाइट रेडचा स्पर्श असा घ्या, आणि वरच्या कवचाची सावली त्यावर पडू द्या.

माहुलीची (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचा फोटो सकाळचा आणि खालचा साडेपाचचा आहे, आत्ताच तारीख-वेळ तपासली. आणि फिका पट्टा खरंच आहे! मला तो इतके दिवस वाळलेलं गवत वाटत होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘भरतीचं काढ. ओहोटीला आम्ही कालवं काढायला जायचो, तेव्हा समुद्राकडे बघायला वेळ कुठे होता.’ म्हणजे पंचमी-षष्ठीचं चित्र ठरलं, टेकडीवरून, दुपारचं ऊन. जुना कॅनव्हास बाजूला ठेवून नवीन घेते. पण आता फेसाचं सांगा. लाटा थेट कड्यावर म्हणजे फेस भरपूर असणार. आणि लाटेचा तो काचेसारखा हिरवा रंग कसा येतो? मी व्हिरिडियन घातला की तो रंगच ओरडतो.

रंगपेटी (मिरज)

फेसाचं मी सांगते, मला तेच सगळ्यात आवडतं. फेस पांढरा आहे हे डोक्यातून काढा. फेसाला उन्हाची बाजू आहे आणि सावलीची बाजू आहे. आधी सगळा फेस सावलीच्या रंगाने घाला : व्हाइट, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे निळसर राखाडी. तो कॅनव्हासवर आधी फार गडद वाटेल, घाबरू नका. मग ऊन जिथे थेट पडतं तिथेच व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर घालून जाड रंग. निव्वळ टायटेनियम व्हाइट सगळ्या चित्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. कड्यावर आपटून उडालेल्या तुषारांची बाहेरची कड मऊ, आणि मागचा गडद दगड त्यातून पुसट दिसायला हवा. ती कड धारदार झाली की तुषार कापसाचा होतो. कोरड्या फॅन ब्रशने ओल्या रंगावरच ओढा.

हिरव्याचं असं : लाट उभी राहते तेव्हा तिचा माथा पातळ असतो आणि मागून आलेला उजेड त्यातून पार होतो. तो रंग फक्त त्या पातळ भागात असतो, माथ्याखालच्या अरुंद पट्टीत. खाली उतरताना लाट जाड होते आणि रंग गडद, मातकट होतो. व्हिरिडियन एकटा कधीच घालू नका, त्यात रॉ सिएना किंवा यलो ऑकर मिसळा. आपल्या किनाऱ्याजवळ पाण्यात गाळ असतो, खाडीचं तोंड जवळ असेल तर आणखीच. त्यामुळे परदेशी चित्रांतला निळा-हिरवा तसाही इथे शोभत नाही. आणि तुम्ही टेकडीवरून, समुद्राकडे तोंड करून दुपारच्या उन्हात बघताय म्हणजे सूर्य समोरच्या बाजूला आहे. लाटांमधून उजेड येतानाच दिसणार, तुमच्या फायद्याची गोष्ट आहे.

पाटणचा (कराड)

सूर्य समोर असेल तर कड्याचा जो भाग समुद्राकडे आहे तोच उजळेल, ताईंच्या बाजूचा अंग सावलीत राहील. म्हणजे उजवीकडच्या कड्याला डाव्या कडेने उजेडाची पट्टी आणि बाकी सावली. मास्तर, बरोबर ना?

ड्रॉइंगमास्तर (वाई)

बरोबर. आरे-वारेला रस्ता वळत जातो, त्यामुळे कोणत्या वळणावर उभ्या राहता त्यावर पट्टी रुंद की अरुंद ते ठरेल. समुद्राला समोर ठेवण्याऐवजी किनाऱ्याच्या लांबीकडे बघत उभ्या राहिलात तर अर्धा कडा उजेडात, अर्धा सावलीत असा मिळेल. चित्राला तेच सगळ्यात चांगलं.

ताई, नवीन कॅनव्हास लगेच घेऊ नका. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चारकोलने तीन-चार रचना करा आणि इथे टाका. क्षितिज वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा, किनाऱ्याची गोलाई डावीकडून आत येऊ द्या. मग रंग. सावल्या टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात घाला, उजेड नंतर जाड रंगात, आणि वरच्या थरात लिनसीड तेल थोडं जास्त, म्हणजे पुढे चिरा पडत नाहीत. जमलं तर एखाद्या रविवारी औंधला श्री भवानी संग्रहालयात जाऊन या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमवलेली तैलचित्रं आहेत, रविवर्म्याची मूळ चित्रंही आहेत. चित्रासमोर सरळ उभं राहू नका, बाजूने तिरकं बघा, म्हणजे रंग कुठे पातळ आणि कुठे जाड आहे ते पृष्ठभागावर दिसतं. छापील चित्रात हे कधीच कळत नाही.

पावसाळ्यात ऑइल वाळायला वेळ लागतो, त्यामुळे फेस घालण्याआधी खालचा कडा बोटाला लागत नाही ना ते बघा. घाई असेल तर खालचा थर ॲक्रिलिकचा घेतला तरी चालेल. ऑइलवर ॲक्रिलिक मात्र नको.

माहुलीची (सातारा)

चारकोलच्या रचना या आठवड्यात टाकते. येत्या षष्ठीला भाऊ रत्नागिरीला जाणारच आहे, त्याच्याबरोबर जाऊन वळणावळणावर थांबून बघते आणि प्रत्येक जागेहून क्षितिज कड्याला कुठे टेकतं त्याची वहीत रेघ मारून आणते. आईपण येते म्हणाली आहे. रंगपेटीताई, फेसाच्या सावलीचा रंग मी आधी कागदावर करून बघितला, तुम्ही म्हणालात तसा फार गडद वाटला, पण शेजारी पांढरा ठेवल्यावर बरोबर बसला.